पाणी कसा येता?

ऑगस्टचा पहिला आठवडा. पावसाने दुपारपुरती उसंत घेतली होती. खळ्यात निळं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं आणि त्याच्या कडेवर, आत-बाहेर फळीचे तुकडे लावून, मामाच्या होडीचं मशीन आवळून बसवलं होतं. दोन महिने मांगरात गोणपाटाखाली झोपलेलं मशीन. चौथ्या ओढीला ते खोकलं, पाचव्या ओढीला चालू झालं. पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळायला लागलं, निळसर धूर माडांच्या बुंध्यांमधून सरकत पडवीत शिरला आणि आतून मामीचा नेहमीचा आरडाओरडा ऐकू आला. मामा गुडघ्यामुळे हल्ली उभा राहत नाही. तो पलीकडे उपड्या घातलेल्या होडीवर बसला होता, तिथून मशीनची मागची बाजू दिसत नाही. त्याने तिथूनच विचारलं, "पाणी कसा येता गो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या 'कसा'पाशी अडखळले.

कारण मला एकदम आठवलं की पूर्वी तो असं विचारत नसे. पूर्वी तो विचारायचा, "पाणी येता काय?" माझ्या लहानपणी हेच, मी कॉलेजात असताना हेच, पुण्याला नोकरीला लागल्यावर मे महिन्यात सुट्टीला यायचे तेव्हाही हेच. 'येता काय?' या प्रश्नाला मान न वळवता उत्तर देता येतं. 'येता' म्हटलं की झालं. 'कसा येता?' या प्रश्नाला तसं उत्तर देता येत नाही. त्यासाठी मशीनच्या मागे वाकावं लागतं, तिथल्या भोकातून येणारी पाण्याची धार बघावी लागते, जमलं तर तिच्याखाली बोट धरावं लागतं. प्रश्न बदलला कधी, हे मी मनात मोजायला लागले. नऊ वर्षं. नऊ वर्षं तो हा नवा प्रश्न विचारतोय आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मामाच्या घरात त्याला मशीन म्हणतात, नुसतं मशीन. शिवणाचं मशीनही आहे घरात, पण ते 'मामीचं मशीन'. हे आठ घोड्यांचं जपानी टू-स्ट्रोक. मामाने ते घेतलं तेव्हाच एका हातातून दुसऱ्या हातात आलेलं होतं. वरच्या झाकणाचा रंग उन्हाने विटून आता नक्की कुठला म्हणायचा ते सांगता येत नाही. कर्लीच्या खाडीत जाळं टाकायला, शेवटे नि काळुंदर घेऊन यायला, पलीकडे कोर्जईला जायला ते पुरतं. मामाचं गाव देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मधे वाळूची एक पट्टी. तिथे होडी असणं म्हणजे आमच्याकडे स्कूटर असण्यासारखं. आजोबांची उलांडीची लाकडी होडी होती, ती वल्ह्याने चालायची. मामाने फायबरची घेतली आणि तिच्या मागच्या फळीवर हे मशीन बसवलं. माझ्या सुट्ट्यांचा वास विचाराल तर पिकलेले आंबे वगैरे नंतर, आधी पेट्रोल, तेल आणि सुकत घातलेली जाळी यांचा एकत्र वास. आजही पुण्यात एखादी जुनी स्कूटर धूर सोडत पुढे गेली की लोक नाकाला रुमाल लावतात आणि मी, कबूल करायला लाज वाटते, पण एक श्वास खोल घेते.

तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं हे मला फार लहानपणी कळलं, का मिसळायचं ते फार उशिरा. आपल्या मोटारसायकलच्या पोटात तेलाची वेगळी टाकी असते, तेल तिथल्या तिथे फिरत राहतं. या मशीनच्या पोटात ती जागा हवा आणि पेट्रोल आत ओढून वर ढकलण्यासाठी वापरलेली असते, त्यामुळे तेलाला स्वतःचं घर नाही. ते पेट्रोलबरोबर येतं, जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला हात लावतं आणि जळून जातं. प्रत्येक थेंब एकदाच उपयोगी पडतो. मशीनबरोबरच्या पुस्तकात पन्नासास एक असं प्रमाण आहे, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. मामाने हा हिशेब कधी केला नाही. त्याच्याकडे खोकल्याच्या औषधाची १०० मिलिलिटरची रिकामी बाटली आहे आणि पाच लिटरचा कॅन. एका कॅनला एक बाटली. कोणा आजारी माणसाचा खोकला कधी काळी त्या बाटलीने बरा केला असेल, तेव्हापासून ती मशीनच्या सेवेत आहे. एकदा मी दुकानातून मोटारसायकलचं टू-टी तेल आणलं, स्वस्त मिळालं म्हणून. मामाने बाटली हातात घेऊन फिरवली आणि भाच्याच्या मोपेडला देऊन टाकली. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं तेल वेगळं, त्याच्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री असं लिहिलेलं असतं. वाऱ्याने थंड होणाऱ्या गाडीच्या तेलाची राख या मशीनच्या प्लगवर आणि पिस्टनवर बसते. मामाने हे असं सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला होता, "ह्या गाडयेचा. ह्येका नको."

पेट्रोलचं मात्र त्याचं अलीकडे डोकं फिरलंय. मे महिन्यात कॅनमध्ये उरलेलं पेट्रोल जुलैअखेर तो काचेच्या बाटलीत ओततो आणि बाटली उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसतो. पंपावर आता मिळतं त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याचं भारी वेड. कोकणातल्या पावसाळी हवेत, झाकण नीट न लागलेल्या कॅनमध्ये ते हवेतला ओलावा पीत राहतं आणि एका मर्यादेनंतर पेट्रोलचा हात सोडून, पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. बाटलीत खाली वेगळा थर दिसतो, साधारण दोन बोटं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते, आणि त्या थरात तेल फारसं विरघळत नाही. म्हणजे मशीन चालू झालंच तर कोरडं चालणार. मी हे इंटरनेटवर वाचून मामाला समजावून सांगितलं तेव्हा त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे घाटावरचो ऊस माझ्या मशिनीत कित्याक घातल्यानी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खालचा थर त्याने बाजूला काढला, वरचंही मशीनला घातलं नाही, पावट्याच्या रोपांना कुंपण म्हणून घातलेल्या काटक्या जाळायला वापरलं. मामीने त्यावरही आरडाओरडा केला.

चालू करायची रीत मी दहा वर्षांची असताना शिकले. घरातल्या मुलग्यांना ती शिकवायची पद्धत होती, मुलींना नव्हती. मामाला मुलगी नाही, दोन्ही मुलगे मुंबईला, आणि मला सुट्टीत दुसरं काही काम नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण असावं. तो काही क्रांती वगैरे करत नव्हता. आधी फळीवरचे दोन्ही मळसूत्री दांडे हाताने आवळून बघायचे, कारण मशीन सुटून खाडीत गेलं तर ते शोधायला कर्लीची आई येणार नाही. तरीही एक सुंभाची दोरी मशीनच्या कमरेला आणि होडीच्या कडीला बांधलेली. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करायचा. हा विसरलं की मशीन चालू होतं, खाडीच्या मध्यापर्यंत छान जातं आणि मग टाकीत हवाच न शिरल्याने गुदमरून बंद पडतं. मग नळीवरचा रबरी फुगा दाबायचा, त्याच्यावरचा बाण मशीनकडे बघतोय ना हे पाहून. पहिले चार दाब पोकळ लागतात, मग हळूहळू फुगा कच्च्या पेरूसारखा घट्ट होतो. गिअर मधे. मूठ खुणेवर. चोक बाहेर. आणि मग दोरी.

दोरीचं शिकवायला मामाने एक अख्खी सुट्टी घेतली. दोरी पहिल्यांदा हळू ओढायची, आतला दाता पकडतोय असं हाताला कळेपर्यंत. तिथे थांबायचं. मग एकदम, पण हाताने नाही, कमरेने. "जोर लावू नको, झटको दी." माझ्या मागे उभ्या राहिलेल्या एका पाहुण्याला माझं कोपर कपाळावर बसलं तेव्हापासून दोरी ओढायच्या आधी मागे बघायचं हाही त्या रीतीचा भाग झाला. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे ओढून झाल्यावर दोरी हातातून सोडून द्यायची नाही. ती सोडली की फटकन आत जाते आणि आतली स्प्रिंग तुटते. "दोरी सोडू नको. घराकडे नेऊन पोचव," मामा म्हणायचा. आजही मी दोरी ओढते त्याहून जास्त काळजीने ती परत पोचवते.

यात एक लाल क्लिप राहिली. ती बटणाखाली अडकवलेली असते, तिची कुंडली केलेली दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला तर क्लिप ओढली जाते आणि मशीन बंद. क्लिप नसेल तर मशीन चालूही होत नाही. माझा एक आतेभाऊ, दंडावर वाघ गोंदवलेला आणि रोज जिमला जाणारा, एकदा देवबागला आला होता. "तू सर, तुझ्याने नाही व्हायचं," असं मला म्हणून त्याने शर्ट काढला आणि दोरी ओढायला लागला. वीस ओढी, पंचवीस, तीस. मग चोक आत, चोक बाहेर, परत दहा. घामाने निथळत त्याने निर्णय दिला की कार्बोरेटर गेला. मामी मासे धुवून हात पुसत घरातून आली, खिळ्याला टांगलेली लाल क्लिप काढून तिने बटणाखाली बसवली आणि म्हणाली, "ह्या लावल्याशिवाय देव पण चालू करूचो नाय." मग तिनेच विचारलं की हा एवढा वेळ काय व्यायाम करत होता का. अर्थात त्यानंतरही मशीन लगेच चालू झालं नाहीच, कारण तोवर चाळीस ओढींचं पेट्रोल आत साचून प्लग भिजला होता.

भिजलेला प्लग. हा माझा आवडता भाग, का ते सांगता येणार नाही. पाना लावून तो काढायचा, नाकाशी धरायचा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीचं बघायला हवं. कोरडा असेल तर उलट, पेट्रोलच पोचत नाही. मग टाकी, फुगा, नळी, गाळणी अशी मागे मागे चौकशी. ठिणगी बघायला प्लग टोपीत परत खोचायचा, त्याचा धातू मशीनच्या अंगाला टेकवायचा, पेट्रोलचा कॅन लांब न्यायचा आणि मामा अंगाने सावली करून म्हणायचा, "ओढ." निळी ठिणगी आली तर ठीक. पिवळी, अशक्त असेल तर नवा प्लग. पहिल्यांदा मी प्लग नुसत्या हाताने धरला होता. त्या झटक्याने माझ्या तोंडून जी शिवी गेली ती मला येते हे तोवर मलाही माहीत नव्हतं. मामा प्लगचा रंग वाचतो. मामीच्या चहाच्या रंगाचा असेल तर मशीन खूश. काळा आणि चिकट असेल तर तेल किंवा चोक जास्त. पांढराफटक असेल तर मशीन तापतंय.

नऊ वर्षांपूर्वी प्लग पांढरा निघाला होता.

तेव्हा डिसेंबर होता. नेरूरपारला कुणाच्या तरी बाराव्याला जायचं होतं आणि रस्त्याने फिरून जाण्यापेक्षा खाडीतून वर जाऊ, असं मामा म्हणाला. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. मी आठवडाभर पुण्याहून आले होते, नोकरीत बढती मिळाली होती, एकूणच मला मी फार कर्तबगार वाटत होते. मामा पुढे नाळेवर उभा राहून नांगर ओढत होता. मी मागे. पहिल्या ओढीला मशीन चालू झालं. पहिल्या! असं वर्षात एकदा होतं. मी तोंडावर वारा घेत, कुणी बघतंय का हे बघत, मूठ धरून उभी राहिले. मामाने नांगर वर घेता घेता, माझ्याकडे पाठ ठेवून विचारलं, "पाणी येता काय?"

"येता, येता," मी म्हटलं. मी बघितलं नव्हतं.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाण्यात बुडालेल्या पायात, पंख्याच्या जरा वर, एक छोटा पंप असतो. त्यात सहा पाकळ्यांचं रबरी चाक. मामा त्याला फूल म्हणतो. ते फिरतं, खाडीचं पाणी वर ढकलतं, पाणी मशीनच्या डोक्याभोवती फिरून खाली जातं आणि त्यातलं थोडंसं मागच्या एका बारीक भोकातून बाहेर धार सोडतं. ती धार म्हणजे निरोप, की वरपर्यंत पाणी पोचलं. या मशीनला ना दिवा ना भोंगा. एवढी एक धार. लहान मूल दिवसभरात किती वेळा शू करतं ते जसं आया बघतात तसं मामा ती बघतो. फूल कोरडं फिरलं तर काही सेकंदांत घासून जातं, आणि नुसतं खूप दिवस पडून राहिलं तरी पाकळ्या वाकतात, कडक होतात, एका बाजूला झोपतात. आमच्या फुलाच्या तीन पाकळ्या झोपल्या होत्या. हे अर्थात नंतर कळलं.

सुकतीविरुद्ध जायचं म्हणून मी मूठ पूर्ण पिळली होती. दहा-बारा मिनिटं गेली असतील. काठावरची कांदळवनं मागे सरकत होती, एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला, मामा काहीतरी सांगत होता. आधी वास आला. तापलेल्या रंगाचा, कढई कोरडी राहिल्यावर येतो तसा. मग आवाज बदलला. टू-स्ट्रोकचा आवाज म्हणजे एक सलग पीळ असतो, प्रत्येक फेऱ्याला स्फोट, मधे श्वास नाही. त्या पिळात एक कुरकुर आली, आवाज जड झाला, कुणीतरी आतून ब्रेक दाबतंय असा, आणि मशीन थांबलं. बंद पडलं नाही. थांबलं. यातला फरक ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. मामा मागे आला, त्याने दोरीला हात घातला. दोरी हललीच नाही. जणू दगडाला बांधली होती. त्याने झाकण उघडलं, डोक्यावर खाडीचं पाणी शिंपडणार होता, पण हात थांबवला. तापल्या लोखंडावर गार पाणी नको म्हणून असेल. मग तो धारेच्या भोकाकडे बघत राहिला. भोक कोरडं ठणठणीत होतं. त्याच्या खाली मशीनच्या अंगावर ओघळ असतो, तोही नव्हता.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. त्याने वर बघितलंच नाही.

सुकतीने होडी घराच्या दिशेनेच न्यायला सुरुवात केली होती, पण आपलं घर कुठलं ते सुकतीला माहीत नसतं. ती सरळ संगमावर नेते, जिथे कर्ली समुद्राला भेटते आणि लाटा उलट्या फुटतात. मामाने तळातून वल्हं काढलं. मला दुसरं दिलं. माझ्या हाताला दहा मिनिटांत फोड आले. मिलवॉकीत स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड नावाचा एक नॉर्वेजियन कारागीर होता, त्याची एक दंतकथा पुढे मी कुठेतरी वाचली. उन्हाळ्यात प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं आणि होडीला मशीन लावलं पाहिजे असं त्याच्या मनात आलं. १९०९ मध्ये त्याने ती मशिनं विकायला काढली. त्यांना दोरी नव्हती, वरच्या चाकाला एक मूठ होती, ती हाताने गरगर फिरवायची आणि बोटं वाचवायची. गोष्ट गोड आहे. पण मला त्या दिवसानंतर असं वाटतं की वल्हं मारून मारून हाताला फोड आलेल्या कुठल्याही माणसाला हे सुचलं असतं, त्यासाठी आइस्क्रीमची गरज नव्हती. तासाभराने आम्ही घरासमोरच्या वाळूला लागलो. बारावं हुकलं.

मालवणात एक मेस्त्री आहे, त्याच्या दुकानात मशीन नेलं. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा चिकटलेल्या, सिलिंडर घासून मोठा करावा लागला. मी पैसे देऊ केले. मामाने घेतले नाहीत. महिनाभर तो शेजाऱ्याच्या होडीतून जाळ्याला जात होता आणि निम्मा वाटा देत होता. जो कोणी विचारील त्याला तो एकच सांगायचा, "फूल जुना झालेला." खोटं नव्हतं. फूल जुनं झालंच होतं. पण मी मागे वाकून एकदा बघितलं असतं तर फुलाच्या किमतीत काम भागलं असतं, आणि हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. की फक्त मला? एवढी वर्षं मी याच एका शंकेवर निवांत राहिले. त्याला वाटत असेल की धार आधी होती, मग मधेच तुटली. होतं असं. प्लास्टिकची पिशवी खालच्या जाळीला चिकटली की होतं. मी त्याला काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही. दर वर्षी नवं फूल मात्र मीच पुण्याहून घेऊन जाते. त्याला ते प्रेम वाटत असेल.

त्यानंतर मीच मशीनच्या मागे जास्त लागले. पायातलं गिअरचं तेल पावसाळ्याआधी काढून बघायचं, ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. पंखा काढून दांड्यावर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, गुंडाळलेला नाही ना ते बघायचं, कारण तोच सील कापतो आणि तोच पाणी आत घेतो. पंख्याची छोटी पिन, जी दगडाला लागलं की आधी तुटावी म्हणूनच मऊ केलेली असते, तिच्या दोन जास्तीच्या पिना मामाच्या तंबाखूच्या डबीत. शेवटी गोड्या पाण्यात चालवून खार धुवायचा आणि मग पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद होऊ द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. पेट्रोल संपत आलं की विझायच्या आधी क्षणभर आवाज चढतो. दर वेळी चढतो, दर वेळी मला वाटतं की आता हे असंच चालू राहणार.

फोर-स्ट्रोक घे म्हणून मी मामाच्या मागे लागले होते, दोन-तीन वर्षं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकतं, ते याच खाडीत जातं, याच कालवांच्या पोटात, असं मी त्याला सांगायचे. पिंपातल्या पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगतं ते दाखवायचे. तो नाही म्हणायचा नाही. "बघूया," म्हणायचा. मग एकदा म्हणाला की हे २७ किलो आहे, खांद्यावर घेऊन मांगरातून होडीपर्यंत जातं. ते दहा-बारा किलो जास्त. "मगे त्येका कोण नेतलो? तू?" मी पुण्यात राहते. वाद तिथेच संपला. आणि खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं. खाडीची काळजी मला आहे, पण हा आवाज आणि हा वास जाणार याचीही होती, आणि या दोन काळज्या एका माणसात कशा राहतात ते मला सांगता येत नाही.

तर यंदाचा ऑगस्ट. १ जूनपासूनची मासेमारीची बंदी उठली होती, नारळी पुनव तोंडावर आली होती आणि मामाने विचारलं होतं, "पाणी कसा येता गो?" माझ्या डोक्यात नऊ वर्षं भराभर मागे गेली. त्या डिसेंबरनंतर मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा याच खळ्यात, याच पिंपात आम्ही ते चालवून बघितलं होतं. तेव्हाही तो म्हणाला होता, "कसा येता?" आणि मी म्हटलं होतं, "चांगला येता, बोटाएवढा." मला वाटलं होतं तो सहज विचारतोय. त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्याने मला विचारायचा प्रश्न दुरुस्त केला आणि वापरायला लागला, सिलिंडर दुरुस्त केला तसा.

मी मागे वाकले. धार नव्हती.

छातीत धस्स झालं ते सांगत नाही. लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. खळ्यात एकदम शांतता, फक्त पिंपातलं पाणी हिंदकळत होतं आणि माडावरून थेंब पडत होते. "येणा नाय," मी म्हटलं. मामा उठला नाही. "आधी हात लावन बघ." मी मशीनच्या डोक्याला हात लावला. कोमटसुद्धा नव्हतं. पण एवढ्यात कुठून तापणार. "फूल नवीन आसा," मी म्हटलं, "मीच घातलंय मे महिन्यात." मामा हसला. "फुलाचा नाय ता. बारीक तार घी आणि भोकात घाल." तार मिळेना, मामीच्या मशीनच्या खोक्यातली सुई घेतली, तिच्यावर वेगळं ऐकून घेतलं, आणि भोकात खुपसली. लाल मातीचा बारीक भुगा बाहेर आला. मग आणखी. मग एक सुकलेली, कागदासारखी अळी. दोन महिन्यांत कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. "कुंभारणीन घर बांधल्यान," मामा होडीवरून म्हणाला, जसं काही तो आत बसून बघत होता. वरपर्यंत पाणी पोचत होतं, फक्त निरोप यायची वाट बंद होती. तेव्हा धार नव्हती आणि मी आहे म्हटलं. आज पाणी होतं, धारच नव्हती.

पुन्हा फुगा, पुन्हा खूण, चोक आता नको. दुसऱ्या ओढीला चालू. दोरी घरी पोचवली. भोकातून आधी दोन तांबूस थेंब, मग फुर्रर्र करून मातकट पिचकारी, मग सरळ धार. मी तिच्याखाली हात धरला. मशीनचा आवाज पडवीला धडकून परत येत होता, आणि त्या आवाजात मला ते म्हणायला सोपं गेलं. "मामा," मी म्हटलं, "त्या वेळी नेरूरपारला जाताना मी बघितलंच नव्हतं. पाणी येतं की नाही ते."

त्याने कानाला हात लावला. "काय म्हटलंस?"

मी परत म्हटलं. तेवढ्याच आवाजात.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मशीनकडे बोट करून ओरडला, "ता नाय इचारलंय मी! पाणी कसा येता?"

"करंगळीएवढा," मी ओरडून सांगितलं. "गढूळ होता, आता साफ झाला. तुटणा नाय. हाताक कोमट लागता."